अंगाची हकीकत

आपल्या घरांतून एखादें माणूस कांहीं दिवस गप्प गप्प राहूं लागलें, पानावरून लवकर उठूं लागलें, म्हणजे वडील मंडळी प्रथम एकच प्रश्न करितात : "अंगांत बरें आहे ना ?" हा प्रश्न आमच्या मतें मोठा शहाणपणाचा आहे. दुर्दैव इतकेंच कीं, त्याचें उत्तर ऐकण्यास विचारणारा बहुधा थांबत नाहीं. कपाळाला हात लावून पाहावयाचें, आणि कपाळ थंड लागलें कीं "ताप तर नाहीं" असें म्हणून स्वस्थ व्हावयाचें, असा परिपाठ पडून गेला आहे. आजकाल कपाळाच्या जागीं रक्ततपासणीचा कागद आला आहे, एवढाच काय तो फरक. कागदावरील आंकडे ठरलेल्या मर्यादेंत दिसले म्हणजे त्या माणसास कांहींएक झालेलें नाहीं, असा निकाल सगळें घर एकमतानें देऊन मोकळें होतें. हा निकाल पुष्कळदां चुकतो, आणि तो चुकल्याची किंमत कधीं कधीं प्राणानें द्यावी लागते. या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

मराठी भाषेकडे पाहिलें तर मनाच्या बहुतेक अवस्था तिनें शरीरांतच नेऊन ठेविल्या आहेत. वाईट बातमी ऐकतांच छातींत धस्स होतें. निकालाच्या दिवशीं पोटांत गोळा येतो. लेकीची पाठवणी करतांना काळजांत कालवाकालव होते व आवंढा गिळावा लागतो. धीर सुटला कीं हातपाय गळतात. हे नुसते अलंकार नव्हेत. ज्या कोणा आजीबाईनें हे प्रयोग प्रथम केले, तिला शरीरशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु भीति पोटांत कळते आणि दुःख घशांत अडतें, हें तिनें स्वतःच्या अंगीं अनुभविलें होतें.

पाश्चात्य पंडितांस ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विचारांत घ्यावीशी वाटली. अमेरिकेंतील विल्यम जेम्स यांनीं १८८४ सालीं असें मत मांडलें कीं, दुःख होतें म्हणून माणूस रडतो असें आपण समजतों, पण क्रम उलटा आहे. शरीरांत घडणारा फेरबदल आपणांस जाणवतो, आणि त्या जाणिवेसच आपण दुःख किंवा भय असें नांव देतों. पुढल्याच वर्षीं डेन्मार्कचे वैद्य कार्ल लांग यांनीं स्वतंत्रपणें जवळजवळ हेंच प्रतिपादन केलें. तें मत आज कोणी जसेंच्या तसें स्वीकारीत नाहीं, परंतु त्यांतील बीज वायां गेलें नाहीं. १९०६ सालीं चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनीं बाहेरील जगाची बातमी आणणारीं इंद्रियें आणि देहाच्या आंतील बातमी आणणारीं इंद्रियें असा भेद करून दाखविला. या आंतील बातमीच्या जाणिवेस पुढें इंग्रजींत 'इंटरोसेप्शन' हें नांव रूढ झालें. आम्ही तिला येथें देहजाणीव म्हणूं. अंतर्ज्ञान म्हटलें असतें, पण तो शब्द उच्चारतांच आमच्या वाचकांस एकदम समाधि आठवावयाची!

ही बातमी जाते कशी ? हृदय, फुप्फुसें, जठर, आंतडीं, मूत्राशय, त्वचा या सर्व ठिकाणांहून बारीक ज्ञानतंतु मेंदूकडे गेलेले आहेत. त्यांपैकीं कांहीं मज्जारज्जूच्या वाटेनें जातात. वेगस नांवाचा एक लांबलचक ज्ञानतंतु तर मेंदूच्या तळापासून निघून मानेंतून, छातींतून थेट पोटापर्यंत उतरतो. आणि मौज अशी कीं, त्यांतील बहुसंख्य धागे मेंदूचा हुकूम खालीं नेणारे नसून खालची बातमी वर नेणारे आहेत. कचेरींतून हुकूम सुटतात थोडे व गांवोगांवचे अर्ज येतात फार, तसाच हा प्रकार. हे सर्व अर्ज शेवटीं मेंदूच्या बाजूस खोल घडींत दडलेल्या 'इन्शुला' या भागांत दाखल होतात, आणि "मला कसें वाटतें आहे" ही जाणीव तेथें आकारास येते, अशी मांडणी अमेरिकन संशोधक क्रेग यांनीं २००२ सालीं केली. तेव्हांपासून या विषयास चांगलाच जोर चढला आहे.

परंतु आमच्या दृष्टीनें या विषयाचें सर्वांत जुनें आणि सर्वांत स्पष्ट टिपण आपल्या देवघरांतच पडून आहे. गीता पाठ असलेलीं मुलेंसुद्धां पहिला अध्याय घाईनें उरकतात आणि स्थितप्रज्ञाच्या लक्षणांकडे धांव घेतात. शिक्षकही त्यांस तेंच शिकवितात, कारण परीक्षेंत तेंच येतें. पहिल्या अध्यायाचें नांवच विषादयोग आहे. त्यांत अर्जुन युक्तिवाद पुढें करतो, कुलक्षयाचे दोष वर्णितो, हें सर्व खरें. पण त्याच्या आधीं तो काय सांगतो? आधीं तो अंगाची हकीकत सांगतो. गात्रें ढिलीं पडलीं, तोंडाला कोरड पडली, अंग कांपूं लागलें, कांटा उभा राहिला, हातांतून गांडीव निसटूं लागलें, त्वचेचा दाह होतो आहे, उभें राहवत नाहीं, मन भोंवऱ्यासारखें फिरतें आहे. मग युक्तिवाद. आणि त्या युक्तिवादाच्या शेवटीं, अध्याय संपतां संपतां, हा महारथी असें बोलून जातो कीं, शस्त्र टाकून स्वस्थ उभ्या असलेल्या मला कौरवांनीं ठार मारलें तर तेंच माझ्या अधिक हिताचें ! वाचकहो, हें वाक्य आज एखाद्या रुग्णानें उच्चारलें तर कोणताही मानसोपचारतज्ज्ञ खुर्ची पुढें ओढून बसेल.

पुढें दुसऱ्या अध्यायांत अर्जुन आणखी एक शब्द वापरतो, त्याकडे आमचें लक्ष फार वर्षांपूर्वीं वेधलें होतें. इंद्रियांना सुकवून टाकणारा शोक, असें तो आपल्या दुःखाचें वर्णन करतो. प्रथम अंग ओरडून सांगत होतें; आतां इंद्रियेंच सुकूं लागलीं. कंप, दाह, कोरड हीं वाईट खरीं, पण ती अजून बातमी आहे. इंद्रियें सुकलीं म्हणजे बातमी येणेंच बंद होत चाललें. नवें संशोधन जें सांगूं पाहतें आहे तें याच पायरीविषयीं.

तें संशोधन थोडक्यांत असें. देहजाणीव मोजण्याची एक सोपी रीत १९८१ सालीं शांड्री या जर्मन मानसशास्त्रज्ञांनीं प्रचारांत आणिली. नाडीवर बोट न ठेवतां स्वस्थ बसावयाचें, आणि ठराविक सेकंदांत आपल्या हृदयाचे ठोके किती पडले तें मनांत मोजावयाचें. खरा आंकडा यंत्र सांगतें. या रीतीवर आक्षेपही आहेत, व ते योग्यच आहेत : आपलें हृदय मिनिटास साधारण सत्तर वेळां पडतें हें ज्यास ठाऊक आहे, तो कांहीं न जाणवतांही बरोबर आंकडा सांगूं शकेल. म्हणून नुसत्या मोजणीवर भिस्त न ठेवतां प्रश्नावल्या, मेंदूचीं चित्रें वगैरे इतर साधनेंही वापरण्यांत येतात. २०१५ सालीं अमेरिकेंत प्रश्नावलींच्या आधारें झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ज्यांच्या मनांत जीव देण्याचे विचार येतात त्यांची आपल्या देहाशीं असलेली ओळख इतरांपेक्षां तुटलेली असते. आणि ज्यांनीं प्रत्यक्ष प्रयत्न केला होता त्यांची, नुसता विचार येऊन गेलेल्यांपेक्षांही अधिक. २०२० सालीं टुल्सा या शहरांतील संशोधकांनीं याच्या पुढें पाऊल टाकलें. विषाद, चिंता अशा व्याधींनीं ग्रस्त असलेल्या लोकांचे त्यांनीं दोन गट केले : पूर्वीं आत्महत्येचा प्रयत्न करून वांचलेले, आणि तसा प्रयत्न कधींच न केलेले. व्याधि दोन्हीकडे सारखीच. तरीसुद्धां पहिल्या गटांतील लोकांस स्वतःच्या हृदयाचे ठोके कमी अचूक कळत होते, शरीरास होणारा त्रास ते अधिक वेळ सोशीत होते, आणि हृदयाकडे लक्ष देतेवेळीं त्यांचा इन्शुला इतरांइतका जागा होत नव्हता.

यावरून देहजाणीव मंद झाली म्हणूनच माणूस त्या वाटेस जातो, असें म्हणतां येणार नाहीं. अभ्यासांतील माणसें थोडीं आहेत, आणि प्रयत्नाच्या आधीं त्यांची स्थिति काय होती हें त्यांत पाहिलेलें नाहीं. परंतु जें दिसतें त्याचा अर्थ आमच्या अल्पमतीस असा लागतो. देह हा जगण्याचा हट्ट धरणारा आहे. भूक लागते, श्वास कोंडला कीं जीव घाबरा होतो, विस्तवापासून हात आपोआप मागें येतो. मन कितीही निराश झालें तरी देह आपला पक्ष मांडीत राहतो. त्याचा आवाजच ऐकूं येईनासा झाला, तर मनाच्या काळ्या युक्तिवादास घरांत विरोध करणारें कोणी उरत नाहीं.

आतां ज्या पत्रानें आम्हांस हें सर्व लिहावयास लाविलें त्याकडे वळूं. पत्र एका वाचकभगिनीचें आहे. गांव व नांव अर्थातच देत नाहीं. त्या एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. त्यांचे धाकटे दीर दोन वर्षें स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून, दोनदां अपयश घेऊन, घरीं परतले आहेत. बाई लिहितात : "भाऊजी कोणाशीं भांडत नाहींत, रडत नाहींत. वाढलें तर जेवतात, न वाढलें तर विचारीत नाहींत. परवां चहा इतका कढत होता कीं कप उचलतांना माझ्या बोटांस चटका बसला. तो त्यांनीं फुंकर न घालतां पिऊन टाकला. मी ओरडलें, तर म्हणाले, 'वहिनी, भाजलें असेल, मला समजलें नाहीं.' मामंजी म्हणतात आळस आहे. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत. गुरुजी, ही गोष्ट मनावर घेण्यासारखी आहे, कीं मीच वेडी ?"

बाई वेड्या नाहींत. त्या घरांत पाहणारें माणूस बहुधा त्या एकट्याच आहेत. एकत्र कुटुंबाची आज जी निंदा चालते तींत आम्ही सामील नाहीं, आणि त्याचें एक कारण हें : चार माणसांच्या घरांत जी गोष्ट कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं, ती येथें निदान वाढणारीच्या दृष्टीस पडते. कोणाच्या पानांत काय उरलें, कोणीं ताक मागितलें नाहीं, कोणाची चादर सकाळीं चुरगळलेलीच नव्हती, हें तिला ठाऊक असतें. फक्त तिचें म्हणणें माजघराच्या बाहेर येऊं दिलें पाहिजे.

डॉक्टरांसही सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. विषाद हा रोग आपल्याकडेच काय, जगांत सर्वत्र अंगाच्या वेषांत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमानें १४ देशांत झालेल्या एका पाहणींत आपलें बंगळूरही होतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ११४६ विषादग्रस्त रुग्णांपैकीं शेंकडा ६९ जणांनीं दवाखान्यांत येण्याचें कारण म्हणून केवळ अंगाचीं दुखणींच सांगितलीं होतीं : डोकें, पाठ, पोट, थकवा. परंतु त्याच पाहणींतील दुसरा आंकडा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मनाविषयीं सरळ प्रश्न केल्यावरही "तसें कांहीं नाहीं" असें सांगणारे शेंकडा अवघे ११ निघाले. म्हणजे बहुतेकांजवळ उत्तर होतें. विचारणारा भेटला नव्हता.

आमच्या वर्गांतील घरांत याला आणखी एक अडचण आहे, ती संस्कारांची. अंगाकडे दुर्लक्ष करणें हा आपण सद्गुण मानीत आलों. "स्वतःच्या अंगाची पर्वा केली नाहीं" ही आपल्याकडे मृत्युलेखांतील स्तुति आहे. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेचें, तापांत आन्हिक न चुकविणाऱ्या आजोबांचें आपण कौतुक करितों. त्या कौतुकांत कांहीं खरेंही आहे. पण येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. एकादशी करणाऱ्या माणसास भूक लागते, ती त्यास कळते, आणि ती तो जाणून बाजूस सारतो. उपवासाचें तें मर्मच आहे. ज्याला भूकच कळत नाहीं त्याचा उपवास नव्हे, तो रोग आहे. विरक्तीचा आणि विषादाचा वेष पुष्कळदां एकच असतो. 'देह नश्वर आहे' हें वाक्य निरोगी माणसास उपकारक असेल; परंतु जो आधींच देहापासून तुटत चालला आहे त्याच्यासमोर तें बोलूं नये.

चरकाचार्यांनीं तर या बाबतींत आपणां सर्वांस पूर्वींच सावध केलें होतें. मन शरीराच्या मागें जातें व शरीर मनाच्या मागें जातें, असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत, जे वेग कधींही दाबूं नयेत अशा तेरा वेगांची त्यांनीं गणना केली आहे. त्यांत मलमूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप हीं आहेतच; पण त्या यादींत अश्रूही आहेत. आणि त्याच अध्यायांत थोडें पुढें, जे मनोवेग आवरावे अशांत लोभ, भय, क्रोध यांच्याबरोबर शोक येतो. वरवर पाहतां हा विरोध वाटेल. आम्हांस तो वाटत नाहीं. शोकाच्या भरांत भलतेंसलतें करूं नये, परंतु आलेलें पाणी डोळ्यांतून वाहूं द्यावें, असा त्याचा व्यवहारी अर्थ दिसतो. आपण मात्र नेमकें उलट करितों. रडणाऱ्या पुरुषास गप्प करितों, आणि पुढें त्याला रडूं येईनासें झालें म्हणजे सांवरला असें समजतों.

कांहीं वाचक येथें म्हणतील, मग त्या मुलास प्राणायामास बसवावें, किंवा इगतपुरीस विपश्यनेला पाठवावें. देहाकडे लक्ष देण्याचाच तो मार्ग आहे. हा विचार सर्वथा चुकीचा नाहीं. श्वासाकडे व अंगाकडे अवधान देण्याच्या पद्धतींचा उपयोग, ज्यांस विषाद तीन किंवा अधिक वेळां येऊन गेला आहे अशांत तो उलटूं नये म्हणून होतो, असें २००० सालच्या सुमारापासूनचे प्रयोग सांगतात. पण तो उपयोग रोग ओसरल्यावरचा आहे. ऐन विषादांत डोळे मिटून आंत पाहावयास बसविलें, तर कित्येकांस आंतील काळोखच दिसतो. विपश्यना केंद्रेंही गंभीर मानसिक व्याधि असलेल्यांस शिबिरास न येण्याची सूचना देतात, ती उगीच नव्हे. शिवाय चिंतेनें ग्रस्त माणसाची गोष्ट निराळी. त्याचें देहाकडे लक्ष आधींच फाजील असतें. छातींत जरा धडधड झाली कीं हृदयच बंद पडतें आहे असें त्याला वाटतें. त्याला आणखी लक्ष द्यावयास सांगणें म्हणजे आगींत तूप. सारांश, कोणास काय द्यावें हें जाणत्यानें ठरवावयाचें आहे, शेजाऱ्यानें नव्हे.

घरानें मात्र विचारावें, आणि नीट विचारावें. "मन कसें आहे ?" या प्रश्नास "ठीक" याखेरीज उत्तर मिळत नाहीं. त्यापेक्षां अंगाकडून सुरुवात करावी. पहाटे झोप किती वाजतां मोडते ? जागें झाल्यावर उठावेंसें वाटतें, कीं अंगावर दगड ठेविल्यासारखें होतें ? भूक लागली हें कळतें का ? जेवणाची चव लागते का ? छातींत, घशांत कांहीं अडल्यासारखें आहे का ? या प्रश्नांनीं माणसास लाज वाटत नाहीं, आणि उत्तर देतां देतां त्याचें स्वतःचेंच लक्ष अंगाकडे वळतें. त्यानंतर, आवाज न चढवितां, सरळ शब्दांत विचारावें : "जगूं नये असें कधीं वाटतें का ?" असें विचारल्यानें तो विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत खोटी आहे, तपासून पाहतां ती खोटी ठरलेली आहे. उलट, बहुतेकांस कोणी तरी विचारल्याचें हायसें वाटतें. उत्तर "होय" आलें तर उपदेश करूं नये. कृष्णानेंही प्रथम दोन श्लोकांत अर्जुनास टाकून बोललेंच. पण त्यानंतर तो सतरा अध्याय त्याच्याशीं बोलत बसला. आमच्या घरांत हें प्रमाण बरोबर उलट असतें.

"होय" आल्यावर त्या माणसास एकटें ठेवूं नये, घरांतील औषधें व विषारी पदार्थ वडील माणसानें आपल्या कुलपांत घ्यावेत, आणि त्याच दिवशीं मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी. पोलिसांच्या भीतीनें पुष्कळ घरें पूर्वींचा एखादा प्रयत्न डॉक्टरांपासूनही लपवितात. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानें ही भीति दूर केली आहे : असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, त्यास शिक्षा करूं नये, आणि त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य समजावें, असें तो सांगतो. लोकलज्जेचा कायदा अजून बदललेला नाहीं. २०२२ या एका सालीं आपल्या देशांत १,७०,९२४ माणसांनीं आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांपैकीं २२,७४६ एकट्या महाराष्ट्रांतील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. यांतील कित्येक घरांतून रिपोर्ट उत्तमच आले असतील.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आम्हीं अंकाची वाट न पाहतां टपालानें उत्तर धाडलें आहे. त्यांत एवढेंच लिहिलें कीं, भाऊजींशीं मामंजींनीं नव्हे, आपणच बोलावें, कारण चटका बसल्याचें त्यांनीं आपणांस सांगितलें आहे. तेंही स्वयंपाकघरांत, कांहीं काम करतां करतां, समोरासमोर न बसतां. डॉक्टरांकडे पुन्हां जातांना चहाची ती गोष्ट जशी घडली तशी सांगावी. आणि कोणाकडे जावें हें सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या सेवेस १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून दिवसरात्र व मराठींतही बोलतां येतें, पैसे पडत नाहींत. दीर बोलावयास तयार नसतील तर पहिला फोन वहिनींनींच करावा. घरच्या माणसांसही तेथें सल्ला मिळतो.